आतून खाल्लेली ट्रॉली

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आमच्या मालवणजवळच्या देवबागात पोरं हे पाढ्यांबरोबरच शिकतात. २३ मे २०२४ला बुद्धपौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे एकाची पाऊणपट, भरती पाऊणच्या सुमाराला. थोडं इकडेतिकडे होतं, पण उधाणाची भरती होती आणि मला तीच हवी होती. मेरीटाइम बोर्डाच्या आदेशाप्रमाणे २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद. त्याआधी होडी पाण्यातून काढून आवारात आणायची, ताडपत्री टाकायची आणि चार महिने तिच्याकडे बघायचं नाही, असा दरवर्षीचा शिरस्ता.

होडी एकोणीस फुटी, फायबरची, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. कर्लीच्या खाडीत संगमापर्यंत पाहुणे फिरवायचे, हा आमच्या घरच्या खानावळीला जोडलेला धंदा. होडी काढायला-घालायला दोन चाकांची ट्रॉली आहे. इंग्रजीत तिला बोट ट्रेलर म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण आमच्याकडे ट्रेलर म्हटलं की लोकांना हायवेवरचा अठरा चाकी दिसतो. ट्रॉली ती ट्रॉलीच.

ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली उलटी खाडीत घातली, आम्ही होडी तरंगत वर घेतली, विंचचा, म्हणजे होडी ओढायच्या हातरहाटाचा, पट्टा आवळला. ट्रॅक्टर पुढे सरकला. पाण्याबाहेर चाकं आली, चढ सुरू झाला आणि डाव्या बाजूने असा आवाज आला की कुणीतरी ओला बांबू मोडावा. होडी डावीकडे कलली. ट्रॅक्टरवाला ओरडला, "थांब थांब, चाक बसला!"

मला वाटलं टायर फुटला. टायर शाबूत होता. डाव्या बाजूचा लांब बॉक्स पाइप, ज्याच्यावर होडीचं अर्धं वजन असतं, तो चाकावरच्या स्प्रिंगच्या, म्हणजे पाट्याच्या, पुढच्या कानाजवळ दुमडला होता. पुठ्ठ्याचा खोका दुमडावा तसा. चाक वर फेंडरला चिकटलेलं, होडीचा कणा वाळूत टेकलेला.

एक बरं होतं. भरती माथ्यावर होती, म्हणजे पाणी आता उतरणार. वाईट हे की रात्री पाऊणला ते परत येणार. बारा तास हातात. रापणीची मंडळी जवळच जाळं सुकवत होती, त्यांना हाक मारली. माडाचे चार ओंडके आले, त्यांना ग्रीस फासलं, होडीचं इंजिन उतरवून घेतलं, आणि पंधरा-सोळा माणसांनी ती वाळूवरून ओढत सुरक्षित जागी नेली. माझ्या आजोबांनी त्यांची उलांडीची होडी आयुष्यभर अशीच ओढली. ट्रॉली घेतली तेव्हा मी म्हटलं होतं की आता ओंडके जाळायला हरकत नाही. बरं झालं, आईने जाळू दिले नाहीत.

मोडकी ट्रॉली ट्रॅक्टरला साखळीने बांधून फरपटत आवारात आणली.

आता खरी गोष्ट सांगायची तर ती तीन वर्षं आधी सुरू होते. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. आवारातला एक माड ट्रॉलीवर पडला. होडी पलीकडे झापात होती म्हणून वाचली, पण ट्रॉलीचा डावा पाइप चेपला. वादळानंतर वीज कित्येक दिवस नव्हती, जो तो आपली कौलं शोधत होता. एक वेल्डर जनरेटर घेऊन फिरत होता. त्याने पाइप तापवून, घणाने ठोकून बऱ्यापैकी सरळ केला, चेपलेल्या जागेवर पाच मिलिमीटरची पट्टी सगळ्या बाजूंनी वेल्ड मारून बसवली, आणि मी सांगितलं म्हणून पाइपची दोन्ही उघडी तोंडंही पत्र्याने बंद केली. माझा विचार असा की आत पाणीच जाऊ द्यायचं नाही. वर रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर निळा रंग. ट्रॉली नव्यासारखी दिसत होती. तो फोटो अजून माझ्याकडे आहे.

गावातल्या जुन्या वेल्डरकाकांना मी या वेळी बोलावलं. वय सत्तरीचं, चष्म्याला एका बाजूने दोरा. त्यांनी आधी काही विचारलं नाही. खिशातून लहान हातोडी काढली आणि ट्रॉलीच्या मागच्या टोकापासून पुढे टक टक करत आले. उजव्या पाइपवर आवाज घंटेसारखा, टण्ण. डाव्या पाइपवर पट्टीपर्यंत टण्ण, मग एकदम भद्द, मग पुन्हा टण्ण. पिकलेला कलिंगड आणि कच्चा कलिंगड ओळखावा इतका स्पष्ट फरक. मी तीन वर्षं ती ट्रॉली धुतली, रंगवली, पण एकदाही तिच्यावर टिचकी मारून बघितली नव्हती.

"आयकलंस?" काकांनी विचारलं, आणि पट्टीच्या कडेला, रंग जिथे अगदी छान होता तिथे, हातोडीच्या टोकाने जरा जोरात मारलं. टोक आत गेलं. आत गेलं म्हणजे खरंच, दोन बोटं आत. बाहेर काढल्यावर भोकातून ओली काळी वाळू भुळभुळ गळायला लागली, मग गंजाचे पापुद्रे, कांद्याच्या सालीसारखे एकावर एक चिकटलेले, आणि शेवटी एक एवढासा खेकडा. तो कुठून आत शिरला देव जाणे. वाळूवर पडला, जरा थबकला आणि तिरका चालत माझ्या चपलेखाली गेला.

"भायरसून बरा दिसता," काका म्हणाले, "भुतूरसून खाल्ल्यान हा."

मग त्यांनी समजावलं. पट्टीच्या वेल्डिंगमध्ये कुठेतरी सुईच्या टोकाएवढं छिद्र राहतंच. ट्रॉली उन्हात तापलेली असते, पाइपमधली हवा फुगलेली. ती तशीच खाडीत घातली की हवा गार होऊन आकसते आणि त्या छिद्रातून खारं पाणी आत ओढते. आत गेलेल्याला बाहेर यायला वाट नाही, कारण तोंडं मीच बंद करून घेतली होती. मग ते पाणी तिथेच बसून लोखंड खातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पुढे पाइप आतून फुगतो, वेल्ड फाकतं, छिद्र मोठं होतं. तोंडं उघडी असती तर पाणी आलं असतं आणि गेलंही असतं. मागच्या बाजूने नळी लावून आत गोडं पाणी तरी मारता आलं असतं. उजवा पाइप तसाच होता, उघडा, आणि तो धड होता. एकाच ट्रॉलीचे दोन पाइप, एकाच पाण्यात बुडणारे. ह्याहून सरळ पुरावा मला कुणी दाखवू शकलं नसतं.

मी विचारलं, पट्टी मारून चालेल का. काका म्हणाले, "पट्टी मारून देतंय. पण पुढच्या वर्षी माका हाक मारू नको."

दोन दिवस मी त्यावर घालवले. नवी तयार ट्रॉली बाहेरून आणायची तर किंमत माझ्या एका सीझनच्या कमाईएवढी. शेवटी ठरलं ते असं: दोन्ही लांब पाइप आणि आडवे तुकडे सगळे टाकून द्यायचे. नवी चौकट बॉक्स पाइपची न करता उघड्या चॅनेलची करायची, ७५ बाय ४०चं, मीटरला साधारण सात किलो भरतं ते. पुढचा दांडा, विंचचा खांब, रोलरचे ब्रॅकेट जुनेच वापरायचे. आणि सगळं झाल्यावर रंग न मारता चौकट घाटावर पाठवून जस्तात बुडवून आणायची.

चॅनेलला एक दोष आहे आणि तो काकांनी आधीच सांगितला. बंद पाइप पिळाला जसा विरोध करतो तसा उघडा चॅनेल करत नाही. एक चाक खड्ड्यात गेलं की चौकट कपड्यासारखी पिळते. त्यावर उपाय म्हणजे आडवे तुकडे तीनाऐवजी पाच घेतले आणि प्रत्येक सांध्याच्या कोपऱ्यात तिकोनी पट्टी दिली. वजन वाढलं. पण चॅनेलचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवलं की प्रत्येक इंच डोळ्यांनी दिसतो, त्यात ब्रश घालता येतो. तळाच्या पाखेला दर दीड फुटावर अर्ध्या इंचाचं भोक पाडायचं हेही तेव्हाच ठरलं.

जून लागला आणि पाऊसही. झावळ्यांच्या मांडवावर ताडपत्री टाकून आम्ही कामाला बसलो. ओल्या जमिनीवर वेल्डिंग करायचं तर पायाखाली फळी हवी, नाहीतर वेल्डिंगचा रॉड बदलताना झटका बसतो. पहिल्याच दिवशी मला बसला. काकांचा नेहमीचा रॉड ६०१३ नंबरचा, पण पाट्यांचे कान आणि दांड्याचा सांधा ते ७०१८ने करणार होते. हा रॉड दमटपणा धरतो, आणि ओल्या रॉडने मारलेलं वेल्ड वरून छान दिसून आत बारीक चिरतं. कारखान्यात त्यासाठी भट्टी असते. आमच्याकडे चूल. काकांनी रॉडचा जुडगा चुलीच्या वैलावर ठेवायला सांगितला. कारखान्यातल्या भट्टीची सर त्याला येत नाही हे त्यांनाही कळत होतं, पण जूनच्या हवेतून थेट उचललेल्या रॉडपेक्षा बरा. संध्याकाळी आई भात लावायला गेली आणि तिने तिथूनच विचारलं, "ह्या काय शिजूक ठेवलंस रे?"

विंचचा खांब जस्त चढवलेल्या पाइपचा होता. त्याच्या बुडाशी वेल्ड मारायच्या आधी काकांनी मला ग्राइंडर दिला आणि दोन्ही बाजूंनी चार चार बोटं जस्त घासून काढायला लावलं. जस्त जळलं की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर त्या वेळी काही वाटत नाही, रात्री मात्र हुडहुडी भरून ताप येतो. "मगे दूध पी नाय तर गूळ खा, थंडी वाजताच," काका म्हणाले. तरुणपणी मुंबईत गोदीत असताना त्यांनी ते भोगलं होतं.

चौकट जमिनीवर मांडून आधी फक्त टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड, मारले. दोरीने दोन्ही कर्ण मोजले. पहिल्यांदा फरक आला अकरा मिलिमीटर. घणाचे दोन फटके एका कोपऱ्याला, परत मोजलं, चार. आणखी एक, दोन. काकांना दोन चालले. मग वेल्डिंग एका बाजूने सरळ न करता कोपरा सोडून कोपरा, डावीकडे जरा, उजवीकडे जरा, कारण गार होताना वेल्ड आकसतं आणि चौकटीला आपल्याकडे ओढतं. मला घाई होती. काकांना नव्हती. प्रत्येक सांध्यानंतर ते विडी ओढायला बाहेर जात आणि मी घड्याळ बघे. चौथ्या सांध्यानंतर माझ्या लक्षात आलं की विडी हे त्यांचं गार व्हायचं माप आहे.

पाट्याचे कान कुठे बसवायचे, ह्यावर मात्र मीच अडून बसलो. जुनी ट्रॉली रस्त्यावर आली की मागून शेपूट हलवायची. मालवणच्या रस्त्याला पिकअपच्या मागे लावून नेताना जरा वेग घेतला की आरशात होडी डावीकडे-उजवीकडे झुलताना दिसे. मी इतकी वर्षं ते पाट्यांवर, टायरच्या हवेवर ढकलत होतो. दोष दांड्यावरच्या वजनाचा होता. एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार पुढे दांड्यावर यायला हवा. तो कमी पडला की ट्रॉली मागे जड राहते आणि झुलते. आमचं सगळं मिळून आठशे किलोच्या आसपास, म्हणजे दांड्यावर साठ-सत्तर किलो हवे.

ते मोजायचं कसं? लिलावात सुरमई तोलतात तो टांगायचा काटा मी शेजाऱ्याकडून आणला. होडी लाकडाच्या ठोकळ्यांवर होतीच. जॅकने ती आणखी वर उचलली, चौकट मागून तिच्याखाली सरकवली, जुना अॅक्सल तात्पुरता जुन्याच जागी लावला आणि होडी हळूहळू खाली घेतली. इंजिन मागे लावलं, टाकी भरली, नांगर आणि दोर नेहमीच्या जागी ठेवले. मग दांड्याचं टोक बांबूच्या तिकाटण्याला काट्याने टांगलं. काटा दाखवायला लागला अठ्ठावीस किलो. काका काही बोलले नाहीत, पण बघायला जमलेल्यांपैकी एकाने भाव विचारला.

कानाचे टॅक तोडून अॅक्सल साडेसहा इंच मागे घेतला. परत टांगलं, एकसष्ट. तिथे खूण केली आणि मग पक्कं वेल्ड मारलं. हे जस्त चढवायच्या आधी करणं भाग होतं, कारण जस्तानंतर वेल्ड मारलं की त्या जागेचं जस्त जळून जातं आणि गंजाला परत दार मिळतं.

अॅक्सलचं प्रकरण वेगळंच निघालं. दुमडलेल्या बाजूचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, खोलला तर ग्रीस होतं दुधाच्या चहासारखं. पाणी मिसळलेलं. बेअरिंगच्या रोलरवर खळगे, आणि आतली कडी अॅक्सलवर फिरून फिरून तिथे पायरी पडलेली. हबमध्येही तोच खेळ चालतो, पाइपसारखा: गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या ओठाखालून पाणी आत घेते. रस्त्याने आल्यावर लगेच पाण्यात न घालता अर्धा तास थांबायचं, एवढंच करायचं असतं. पाहुणे होडीत बसायला उभे असतात तेव्हा अर्धा तास फार वाटतो.

मी ते घेऊन कुडाळला एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, पायरीवर वेल्ड भरून परत माप काढून दे. त्याने नाही म्हणून सांगितलं. भरलेल्या जागेच्या कडेलाच पुढे तडा जातो आणि चाक रस्त्यात सुटतं, त्याने पाहिलं होतं. जुना अॅक्सल पोकळ पाइपचा होता, टोकांना खुंट्या वेल्ड केलेल्या. त्याऐवजी पन्नास मिलिमीटरचा भरीव चौकोनी बार, ईएन ८ जातीच्या पोलादाचा, घेऊन दोन्ही टोकं लेथवर काढायची असं ठरलं. आतलं बेअरिंग ३०२०६, बाहेरचं ३०२०५. म्हणजे एका जागी तीस मिलिमीटर, पुढे पंचवीस. त्याने माप घेतलं ते तिसाला दोन शतांश कमी, म्हणजे बेअरिंग हाताने सरकून बसेल पण डुलणार नाही. बेअरिंग ठोकून बसवावं लागलं तर ग्रीस बदलायला तू ते कधी काढणारच नाहीस, असं तो म्हणाला, आणि ते माझ्याबाबतीत तंतोतंत खरं आहे. तयार टोकावर त्याने बेअरिंग सरकवलं तेव्हा ते हवेच्या गादीवरून जावं तसं हळूच गेलं. मी तीनदा काढून घालून बघितलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चौकट पिकअपमध्ये घालून कोल्हापूरच्या बाजूला निघालो. साडेपाच मीटर लांबी, मागे लाल फडकं. फोंडा घाटात एवढं धुकं की फडकं मलाच दिसत नव्हतं, मागच्याला काय दिसणार. राधानगरीला चहा घेतला आणि दुपारी कारखान्यात पोचलो.

तिथल्या सुपरवायझरने चौकटीभोवती एक फेरी मारली. चॅनेल बघून मान हलवली, चांगलं आहे म्हणून. मग दांड्यापाशी थांबला. दांडा जुना, बॉक्स पाइपचा, धड होता म्हणून ठेवलेला. दोन्ही टोकं बंद.

"ह्याला होल कुठायत?"

नव्हते.

"होल मारल्याशिवाय टाकणार नाही बघा. आत पाणी असलं तर बाँबच की ओ."

वितळलेलं जस्त साडेचारशे अंशांच्या आसपास असतं. बंद पाइपमध्ये जरा जरी ओल राहिली तर तिची वाफ होऊन पाइप फुटतो आणि जस्त माणसांवर उडतं. खाडीने तीन वर्षं घेतली ते काम तिथे डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं असतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. एवढं सगळं शिकून, एवढी भोकं पाडून, मी एक बंद पाइप परत बरोबर आणलाच होता. त्यांच्याच ड्रिलने दांड्याच्या दोन्ही टोकांना, वर-खाली, बारा मिलिमीटरची चार भोकं पाडली. एका भोकातून चमचाभर तांबूस पाणी आलं. सुपरवायझरने माझ्याकडे बघितलं, बोलला काहीच नाही.

दुसरी चूक अशी की दांड्यावरचा जुना निळा रंग मी अर्धवटच काढला होता. मला वाटलं अॅसिडात जाईल. अॅसिड गंज काढतं, रंग काढत नाही, आणि रंगावर जस्त बसत नाही. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या आवारात पावसात वायर ब्रशने दांडा घासत बसलो. सकाळी चौकट आत गेली. अॅसिड, पाणी, मग फ्लक्स, मग क्रेनने उचलून तिरकी करून हळूहळू त्या चंदेरी कढईत. तिरकी करतात ती हवा निघून जावी म्हणून. पृष्ठभागावर जरा चुरचुर झाली, राखेसारखा थर बाजूला सारला आणि चौकट वर आली ती नुकत्याच उतरलेल्या बांगड्याच्या अंगासारखी चमकत. थंड झाल्यावर मोजलं तर एक कोपरा आठ मिलिमीटर उचललेला. उष्णतेने एवढं होतंच, असं म्हणाले. घरी बोल्ट आवळताना ते बसलं. भोकं मात्र जस्ताने बारीक झाली होती, प्रत्येकातून ड्रिल परत फिरवावं लागलं.

ऑगस्टमध्ये जोडणी. होडी टेकते त्या लांब फळ्या आधी प्लायवूडच्या होत्या, वर गालिचा गुंडाळलेला. तो गालिचा मीठ धरून ठेवतो, बारा महिने ओला. आता किंजळीच्या फळ्या घेतल्या, गालिचाऐवजी जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्या, खाली फटी सोडून. भरीव अॅक्सलला जस्त चढवलं नाही, टोकं बिघडली असती; त्याला इपॉक्सी प्रायमर आणि रंग. हबमध्ये पाण्याने न धुपणारं ग्रीस हाताने रोलरच्या आत दाबून दाबून भरलं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं, जड झालं की जरा सैल सोडायचं, मग पिन घालायची. लाइट, वायरिंग, नंबर प्लेट ह्यात एक अख्खा दिवस गेला आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खर्च बेचाळीस हजारांच्या घरात गेला. त्यात काकांची मजुरी नाही. ते म्हणाले सीझन सुरू झाल्यावर दे, आणि त्यांच्या नातवाला डॉल्फिन दाखव.

१ सप्टेंबरला बंदी उठली तरी समुद्र शांत नव्हता, आणि सातला गणपती आले. होडी पाण्यात घालायचं ठरलं अनंत चतुर्दशीनंतर, १८ सप्टेंबरला. सकाळी पौर्णिमा संपून प्रतिपदा लागली होती, म्हणजे पुन्हा पाऊणची भरती. आईने सकाळीच हरकत घेतली.

"पितृपक्षात खंय नवीन गोष्ट करतत?"

"नवीन नाय, आये. दुरुस्ती."

तिने ट्रॉलीकडे बघितलं. दांडा, विंचचा खांब आणि रोलरचे ब्रॅकेट सोडले तर तिच्यात जुनं फारसं काही नव्हतं. पण हळद-कुंकू घेऊन आली, चाकाला लावलं आणि नारळ माझ्या हातात दिला.

रस्त्याने येऊन खाडीच्या काठी ट्रॅक्टर थांबला तेव्हा मी हबला हात लावून बघितला. कोमट. सगळ्यांना चहा पाजला, अर्धा तास काढला. मग ट्रॉली उलटी पाण्यात गेली, होडी उचलली गेली, तरंगली आणि सुटली. रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरने वर ओढली तेव्हा चॅनेलच्या प्रत्येक भोकातून पाण्याची एकेक धार लागली होती. काका काठी टेकून बघत उभे होते. धारा थांबल्यावर ते खाली वाकले आणि चॅनेलच्या पन्हळीत बोट घातलं. तिथे एवढासा खेकडा वाट शोधत फिरत होता. त्यांनी त्याला टिचकीने खाली वाळूत उडवलं आणि विडी पेटवली.